उचंत खातं

मध्यमवर्गीय माणसाला धक्का परवडतो, आश्चर्य परवडत नाही. धक्के फुकट मिळतात. गॅसचा सिलिंडर संपतो तो पाहुणे दारात उभे असताना. शाळेची फी वाढते ती पगारवाढीच्या आधी. आणि पाण्याची मोटार जळते ती नेमकी रविवारी. यातल्या कशालाही पैसे मोजून बोलवावं लागत नाही. पण ज्याला हल्ली मुलं 'सरप्राइझ' म्हणतात, तो सुखद प्रकार मात्र आमच्या घरात फारसा घडत नाही. त्याला दोन गोष्टी लागतात. एक पैसा आणि दुसरी गुप्तता. पैशाचं मी एक वेळ बघून घेईन. गुप्ततेचं काय करणार?

आमचं घर उत्रोलीला. खोल्या मोजून तीन आणि माणसं पाच. यात काही लपवायचं म्हटलं तर ते ज्याच्यापासून लपवायचं त्याच्याच उशाखाली ठेवावं लागतं. पूर्वी निदान पैसे खिशातून गुपचूप जायचे. आता खात्यातून दहा रुपये गेले तरी मोबाइल टुणकन वाजतो, आणि तो वाजतो तेव्हा नेमका हिच्या हातात असतो. त्यात आमचं गाव भोरच्या इतकं जवळ की भोरच्या बाजारात मी पाव किलो पेढे घेतले, तर पेढे घरी पोचायच्या आत "कसले हो पेढे?" हा प्रश्न घरी पोचलेला असतो. पेढे मागाहून येतात, आणि आल्यावर त्यांचं कुणाला काही वाटत नाही.

मी भोरला एका बँकेत कारकून आहे. हल्ली आम्हाला कारकून म्हणत नाहीत, 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' म्हणतात. नाव लांबलं, खुर्ची तीच राहिली. शिक्षण बी. कॉम. वाणिज्य शाखेत माणूस जे शिकतो त्यातलं नव्वद टक्के संसारात उपयोगी पडत नाही, पण एक गोष्ट मला जन्मभर पुरली आहे. ती म्हणजे उचंत खातं.

ज्यांनी वाणिज्य सोडून इतर चांगल्या विषयांत पदवी घेतली, त्यांच्यासाठी सांगतो. कधी कधी एखादी रक्कम येते किंवा जाते आणि ती नेमकी कुठल्या नावावर टाकायची हे कळत नाही. फेकून तर देता येत नाही. मग तिला तात्पुरतं उचंत खात्यात बसवतात. एसटी स्टँडवर गाडी कुठली पकडायची हे ठरलं नसेल तर माणूस बाकावर टेकतो, तसं. पुढे यथावकाश तिचं खरं घर सापडलं की तिकडे रवानगी करायची. नियम एकच : वर्ष संपताना उचंत खातं शून्य झालं पाहिजे. ते शिल्लक राहिलं की तपासनीस चष्मा पुसायला घेतात.

तर यंदा आमच्या घरी असंच एक प्रकरण उचंत खात्यात येऊन बसलं. आमची थोरली दहावी झाली. नुसती झाली नाही, चांगली झाली. आणि चांगली झाली म्हणूनच तिने कोल्हापूरला वसतिगृहात राहून पदविका करायची असं ठरलं. निर्णय सर्वानुमते झाला. सगळ्यांनी आनंदाने माना डोलावल्या आणि मग तीन दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही.

चौथ्या दिवशी मी विचारलं, "तुला बक्षीस काय हवं?"

"सगळ्यांनी मिळून इमॅजिकाला जाऊ या," ती म्हणाली. "आजीसकट."

आता करमणुकीच्या उद्यानाशी माझं नातं लांबून ओळख असल्यासारखं. वॉल्ट डिस्नेने कॅलिफोर्नियात १९५५ साली पहिलं डिस्नेलँड उघडलं. पुण्यात त्याच्या पुढच्याच वर्षी पेशवे पार्कात फुलराणी धावायला लागली. दोन्हींच्या आकारात थोडा फरक आहे, हे मी मान्य करतो. पण वडिलांच्या बोटाला धरून उत्रोलीहून आलेल्या पोराला फुलराणी पुष्कळ होती. दिल्लीत १९८४ मध्ये अप्पू घर सुरू झालं, ते आम्ही वर्तमानपत्रात वाचलं. मुंबईजवळ गोराईला १९८९ मध्ये एस्सेल वर्ल्ड निघालं, ते आम्ही दूरदर्शनवर पाहिलं. त्या जाहिरातीतला पोरगा घरी जाणार नाही म्हणून हटून बसायचा, आणि आमचे वडील टीव्हीकडे बघून म्हणायचे, "नको जाऊस. बापाचं एक तिकीट वाचेल." आज अप्पू घर नाही, पेशवे पार्कातले प्राणी कात्रजला गेले, आणि वडीलही नाहीत. खोपोली-पाली रस्त्यावर २०१३ साली इमॅजिका उघडलं तेव्हा थोरली अगदी लहान होती. त्यामुळे तेव्हा आम्हाला ते ऐकू न आल्याचं नाटक करता आलं.

या सगळ्यांच्या आधी आमच्याकडे जत्रा होतीच. आकाशपाळणा, लाकडी घोड्यांचं चक्र, मौतका कुआँ, लांबट-बुटके दाखवणारे आरसे. मांढरदेवीच्या जत्रेतल्या त्या लाकडी घोड्यावर आई लहानपणी बसली होती. ही गोष्ट ती अजून सांगते. दर खेपेला घोड्याचा रंग बदलतो, पण तिकीट कायम एक आणा असतं.

एक आण्यावरून आजच्या तिकिटावर यायला मला दोन दिवस आणि एक आवर्ती ठेव लागली. पाच तिकिटं, पेट्रोल, टोल, जेवण. आकडेमोड करून मी कागद हिच्यापुढे ठेवला. हिने तो वाचला आणि शांतपणे म्हणाली, "म्हणजे आता तिथे गेल्यावर कुणी काही मागायचं नाही."

"तसं नाही..."

"तसंच आहे. मुलांना मी सांगते."

इथेच माझ्यातला वाणिज्य पदवीधर जागा झाला. कारण माझ्या लक्षात आलं होतं की अशा जागी मुलांना मागण्यासारखं काही उरलेलंच नसतं. आमच्या धाकट्याने, वय वर्षे दहा, मोबाइलवर नायट्रो नावाचा तो पाय लोंबते ठेवून उलटापालटा करणारा पाळणा पुढच्या बाकावरून पाहिला होता, मागच्या बाकावरून पाहिला होता, आणि एका ओरडणाऱ्या परदेशी माणसाच्या कपाळावरून पाहिला होता. कुठल्या वळणाला किंचाळायचं हेसुद्धा त्याला पाठ होतं. तिकिटात थरार मिळतो, मजा मिळते, वळणं मिळतात. आश्चर्य मिळत नाही. ते घरून न्यावं लागतं. आणि त्यात एक सोय आहे. अशा बहुतेक उद्यानांत बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेता येत नाहीत, पिशव्या तपासतात. पण आश्चर्य कुणी अडवत नाही.

यामागे शास्त्रही आहे. वुल्फ्रम शुल्ट्झ नावाच्या शास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात माकडांवर प्रयोग केले. माकडाला अचानक फळाचा रस मिळाला की त्याच्या मेंदूतल्या डोपामीनच्या पेशी आनंदाने उड्या मारायच्या. पण रस येणार याची खूण आधी दाखवायला लागल्यावर त्या पेशी खुणेला उड्या मारू लागल्या. रस प्रत्यक्ष आला तेव्हा ढिम्म. आणि खूण दाखवून रस दिलाच नाही, तर पेशी नेहमीपेक्षाही मलूल. पगाराच्या दिवशी मला आनंद का होत नाही आणि पगार एक दिवस लांबला तर जेवण का जात नाही, याचा उलगडा मला माकडामुळे झाला.

मी वहीत एक पान काढलं. वर लिहिलं : उचंत खाते, रुपये पाचशे. पाच माणसं, एक दिवस, आणि प्रत्येकाला निदान एक अनपेक्षित गोष्ट. पाचशेच्या वर एक पैसा नाही. दहा पाकिटं आणली, एक स्केचपेन आणलं, तीस रुपये खर्ची टाकले आणि कामाला बसलो.

बसल्यावर कळलं की स्वस्त आश्चर्य हे महाग आश्चर्यापेक्षा अवघड असतं. पाच हजार रुपये खर्च करायचे असले की माणसाची आवडनिवड ठाऊक असायची गरज नसते. सोन्याची वस्तू कुणालाही आवडते. पण वीस रुपयांत एखाद्याला चकित करायचं, तर त्याची कुंडली पाठ हवी. धाकटा सोपा. त्याला कशाचंही आश्चर्य वाटतं, फक्त गुणपत्रिकेचं वाटत नाही. हिचंही मला सुचलं. थोरलीपाशी मात्र पेन अडलं. सोळा वर्षांच्या मुलीची आवड व्याजदरासारखी असते. आपण पाटीवर लिहीपर्यंत बदलते. गेल्या वर्षीचा आवडता रंग यंदा 'बालिश' असतो. परवाचा मैत्रिणीसारखा सदरा आज 'तिच्यासारखा कशाला?' असतो. आणि ही मुलगी आता दोन-तीन महिन्यांत ट्रंक उचलून जाणार. म्हणजे माहिती गोळा करायची मुदत संपत आलेली.

बँकेत एखाद्या जुन्या खात्याची माहिती संगणकावर मिळेनाशी झाली की आम्ही निवृत्तीला आलेल्या शिपायाला विचारतो. घरात त्या जागी आई आहे.

आई तांदूळ निवडत होती. मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"तिला कैरी आवडते. तिखटमीठ लावून," आई म्हणाली. "घसा धरतो म्हणून तुम्ही ओरडता, म्हणून माडीवर जाऊन खाते. आणि अरे, तिला उंचाची भीती वाटते. गच्चीच्या कठड्याला टेकत नाही कधी, बघितलं नाहीस? तो उलटा पाळणा का काय, त्यात बसायचं म्हणून मैत्रिणींना सांगून बसलीय खरी. रात्री माझ्याजवळ झोपली की पाय हलवत असते."

"मग तिकडेच कशाला जायचं म्हणाली?"

आईने एक खडा काढून बाजूला टाकला. "मला लाकडी घोड्यावर बसायचंय म्हणून. मी एकदा बोलले होते."

मी वही मिटली. पाचशे रुपयांत मी जे करू बघत होतो, ते या मुलीने आधीच करून ठेवलं होतं, आणि खर्च बँकेवर टाकला होता.

ठरल्या दिवशी पहाटे पाचला आम्ही निघालो. गाडी जुनी, पण आमची. पहिलं पाकीट कापूरहोळला उघडलं. आत लिहिलं होतं : 'इथून कात्रजच्या नव्या बोगद्यापर्यंत सर्वांनी गप्प बसायचं. जो आधी बोलेल, त्याने दिवसभर पाण्याच्या बाटल्या उचलायच्या.' खर्च शून्य. माझ्या वैवाहिक जीवनातला इतका शांत प्रवास दुसरा झालेला नाही. धाकट्याने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. आई जप करत होती, पण ओठ न हलवता. खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर मोबाइल टुणकन वाजला आणि पैसे कापल्याचा आकडा बघून एक माणूस मोठ्याने "अरेच्चा!" म्हणाला. दिवसभर बाटल्या त्यानेच उचलल्या. तो माणूस कोण हे सांगायची गरज नाही. बाकीचे चौघं जिंकल्याच्या आनंदात खोपोलीपर्यंत हसत होते, आणि हा आनंद मी आधी ठरवून दिलेला नसला तरी खात्यात जमा धरला.

वाटेत दुसरं पाकीट. थोरलीच्या हातात दिलं. आत फक्त, 'तुझ्या सीटखालचा डबा' एवढंच. डब्यात कैरीच्या फोडी, कागदाच्या पुडीत तिखटमीठ. वीस रुपये. तिने आधी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे आरशातून.

"घशाला होईल," मी म्हणालो.

"होऊ दे," ही म्हणाली, आणि पहिली फोड हिनेच उचलली.

आत गेल्यावर रांगा. रांग या विषयात माझा अधिकार मोठा आहे. वीस वर्षं मी रांग बघतो आहे, फक्त दुसऱ्या बाजूने. डेव्हिड मेस्टर नावाच्या व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासकाने १९८५ मध्ये रांगेच्या मानसशास्त्रावर एक लेख लिहिला. त्याचं म्हणणं, रिकामा वेळ हा कामातल्या वेळापेक्षा लांब वाटतो. हातात काहीतरी द्या, रांग आखूड होते. आमच्या बँकेत यासाठी दोरीला बांधलेलं पेन असतं. इथे मी तिसरं पाकीट काढलं : 'पुढे उभ्या असलेल्या गृहस्थांचा व्यवसाय ओळखा.' धाकट्याने सांगितलं, पोलीस. थोरलीने सांगितलं, मास्तर. ही म्हणाली, "विम्याचे एजंट असावेत, बायको लांब उभी आहे." आईला हे अंदाज पंचे काही पटेना. तिने सरळ त्यांच्या दंडाला हात लावला आणि विचारलं, "काय हो, तुम्ही काय करता?"

ते बँकेत होते. दुसऱ्या बँकेत, पण बँकेतच. इतक्या शांतपणे रांगेत उभा राहणारा माणूस कोण असणार, हे खरं म्हणजे मला ओळखायला हवं होतं. मग आम्ही दोघांनी वेतनकरार, बदल्या आणि पाच दिवसांचा आठवडा या विषयांवर अशी चर्चा केली की आमचा नंबर आल्याचं वाईट वाटलं. धाकटा म्हणाला, "बाबा, ही राइड तुम्हाला सगळ्यात आवडली ना?"

पुढे राजासॉरसची नदी. राजासॉरस हा खरोखर होऊन गेलेला प्राणी आहे. त्याची हाडं गुजरातेत सापडली आणि २००३ साली त्याचं बारसं झालं. म्हणजे तो आपल्या शेजारच्या राज्यातला. घाबरायचं तर निदान ओळखीच्याला घाबरावं. तिथे माणसं भिजतात अशी बातमी मी काढून ठेवली होती. चौथ्या पाकिटातून पाच प्लॅस्टिकचे रेनकोट निघाले, चाळीसचा एक, एकूण दोनशे. हा माझा सर्वांत मोठा खर्च. पण बाकीची जनता पिळलेल्या फडक्यासारखी बाहेर येत असताना आम्ही पाचजण कोरडेठाक उतरलो. एका गृहस्थांनी दुप्पट भावात रेनकोट मागितला. धाकटा विकायला तयार झाला होता. या मुलात मला पुढचा शाखाधिकारी दिसतो.

आणि मग नायट्रो आला.

खालून बघितलं तेव्हा थोरलीचा चेहरा मी पाहिला. तो चेहरा मी कर्जाच्या खिडकीपाशी पुष्कळदा पाहतो. नाही म्हणायचं असतं, पण माणसं बघत असतात. धाकटा तर उंचीची पट्टी बघून, टाचा वर करून, तयार. मी पाचवं पाकीट तिच्या हातात दिलं. आत लिहिलं होतं : 'आजीला घोड्यांच्या चक्रावर एकटीला बसवत नाहीत असं ऐकतो. कृपया सोबत जाणे. हे काम दुसऱ्या कुणाला जमणार नाही.'

तिने ते दोनदा वाचलं. माझ्याकडे बघितलं नाही. "आजी, चल," म्हणाली आणि आईचा हात धरून गेली. खर्च शून्य.

मी त्या चक्राच्या कठड्यापाशी बाटल्या सांभाळत उभा राहिलो. आई एका पांढऱ्या घोड्यावर आडवी बसली होती, पदर खोचलेला, एक हात दांडीला, एक हात नातीच्या मनगटाला. शेजारच्या घोड्यावर थोरली. संगीत वाजत होतं. दर फेरीला आई माझ्यासमोर आली की हात करायची, जणू लांबच्या गावाला निघाली आहे. तिसऱ्या फेरीला मी हात करायचं थांबवून घाम पुसायला घेतला. मे महिना होता, घाम येतोच.

खाली उतरल्यावर आई म्हणाली, "त्या वेळचा घोडा जास्त उंच होता." मग थोडं थांबून, "किंवा मी बुटकी असेन."

इथवर सगळं माझ्या वहीप्रमाणे चाललं होतं. यानंतर जे झालं ते वहीत नव्हतं. थोरली म्हणाली, "आई, चल ना, आपण नायट्रोत बसू." कुणी आग्रह केला नव्हता. कुणी बघतही नव्हतं. आणि ही, जी भोरला एसटीत पुढच्या दारातून चढताना "सावकाश, सावकाश" म्हणते, ती एक शब्द न बोलता चप्पल सारखी करून निघाली. त्या दोघी आणि मध्ये धाकटा. आम्ही मायलेक खाली. वर ते लोखंडी सापाचं अंग वळलं, उलटं झालं, माणसांचे पाय आकाशाला लागले, आणि आरडाओरड सुरू झाली. माझ्या पोटात खालीच गोळा आला. दोन-तीन मिनिटांनी तिघं परत आली. थोरलीचा चेहरा पांढरा, पण हसरा. धाकटा गप्प, त्याने पाठ केलेलं सगळं तो वर विसरून आला होता. आणि हिचे केस सुटलेले, डोळे मोठे झालेले. वीस वर्षं ज्या बाईला मी ओळखतो असं समजत होतो, ती म्हणाली, "अहो, अजून एकदा जाऊ?"

हे आश्चर्य माझ्या नावे कुणी टाकलं, मला माहीत नाही. मी सहावं पाकीट घाईने काढलं, कारण वेळ बरोबर जुळली होती. त्यात चिठ्ठी नव्हती. डब्यात ओल्या रुमालात गुंडाळलेला मोगऱ्याचा गजरा होता, वीस रुपयांचा, सकाळपासून बाटल्यांच्या पिशवीत. हिने तो केसांत माळला, सुटलेल्या केसांत जसा बसेल तसा. "हे कधी आणलंत?" एवढंच विचारलं. आणि गंमत म्हणजे तो कधी आणला, हे तिला खरंच माहीत नव्हतं. रोख पैसे दिले होते. मोबाइल वाजला नव्हता.

संध्याकाळी अंधार पडला तेव्हा अंधारात चमकणाऱ्या पाच कड्या निघाल्या, वीसची एक, एकूण शंभर. आईने ती बांगडी समजून भरली आणि गाडीत बसल्यावरही काढली नाही. "लाइट वाचतो," म्हणाली.

आता शेवटचं पाकीट. यामागेही एक प्रयोग आहे. पुढे नोबेल मिळालेले डॅनियल काहनेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये तो छापला. माणसांना १४ अंशांच्या गार पाण्यात एक मिनिट हात बुडवायला लावला. मग दुसऱ्या खेपेला तेच एक मिनिट, आणि वर अर्धा मिनिट आणखी, पण त्या अर्ध्या मिनिटात पाणी हळूहळू एका अंशाने कोमट केलं. नंतर विचारलं, पुन्हा कुठला त्रास सोसाल? बहुतेकांनी जास्त वेळाचा निवडला, कारण त्याचा शेवट बरा होता. माणूस सगळं आठवत नाही. सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट आठवतो. तात्पर्य, सहलीचा शेवट दमलेल्या मुलाच्या रडण्याने होऊ देऊ नये. म्हणून परतीच्या वाटेवर नव्वद रुपयांची चिक्की वाटली. आणि महामार्ग सोडून भोरकडे वळायच्या आधी, कापूरहोळला चहासाठी थांबलो, तेव्हा थोरलीच्या हातात सातवं पाकीट ठेवलं.

आत दहा पोस्टकार्डं होती. पन्नास पैशांचं एक, एकूण पाच रुपये. प्रत्येकावर माझ्या अक्षरात पत्ता : आईचं नाव, मुक्काम उत्रोली, तालुका भोर, जिल्हा पुणे. मजकुराची जागा कोरी.

"बाबा," ती म्हणाली, "रोज फोन करीन की मी."

"तो आम्हाला कर. आजी मोबाइल घेत नाही हातात."

आईने चमकणाऱ्या बांगडीच्या उजेडात एक कार्ड डोळ्यांजवळ धरलं. स्वतःचं नाव सावकाश वाचलं. "मला येणार पत्र?" म्हणाली. एका खर्चात दोन नोंदी झाल्या, एक नातीच्या नावे, एक आजीला जमा. थोरलीने कार्डं परत पाकिटात घातली, पाकीट पर्समध्ये, आणि पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसली. घर येईपर्यंत कुणीही बोललं नाही. या वेळी पैज नव्हती.

रात्री मी वही काढली. पाकिटं तीस, कैरी वीस, रेनकोट दोनशे, गजरा वीस, कड्या शंभर, चिक्की नव्वद, पोस्टकार्डं पाच. एकूण चारशे पासष्ट. शिल्लक पस्तीस. तीन पाकिटंही उरली होती. रीतीप्रमाणे ही रक्कम मूळ खात्यात परत करून उचंत खातं बंद करायला हवं होतं. मी म्हटलं, उद्या बघू.

पुढे ती कोल्हापूरला गेली. ट्रंक मी उचलून दिली, खोली हिने झाडून दिली, आणि वसतिगृहाच्या फाटकातून बाहेर पडल्यावर आम्ही दोघांनी रस्त्याच्या दोन बाजूंची दुकानं बारकाईने पाहिली. फोन रोज येतो. "जेवलीस का?" "हो." "काय होतं?" "भाजी." एवढी माहिती मिळते. कुठली भाजी, हे अजून गुप्त आहे.

आणि गणपतीच्या आधी दहा-बारा दिवस पहिलं कार्ड आलं. मी बँकेतून आलो तर आई ओट्यावरच बसलेली, हातात कार्ड. चष्मा सापडत नव्हता, म्हणून सकाळपासून थांबली होती. "वाच," म्हणाली. मी उभ्याउभ्या मोठ्याने वाचायला लागलो. 'प्रिय आजी, मी बरी आहे. आमटी पातळ असते. खोली तिसऱ्या मजल्यावर आहे, पण आता मी खिडकीतून खाली बघते. आजी, एक गुपित. गणपतीला मी सांगितलंय त्याच्या एक दिवस आधी येणार आहे. बाबांना अजिबात सांगू नकोस. सरप्राइझ आहे.'

मी थांबलो. आईने माझ्याकडे बघितलं. आतून ही म्हणाली, "मला सकाळीच कळलंय, पोस्टमनने कार्ड देताना सांगितलं. तुम्हाला कळू द्यायचं नव्हतं." धाकटा म्हणाला, "माझ्या वर्गात पण माहीत आहे."

तर वाचकहो, सध्या आमच्या घरी ही अवस्था आहे. पाच माणसांचं एक गुपित आहे, ते गावाला माहीत आहे, आणि ते मला माहीत नाही हे सगळ्यांना दाखवायचं काम माझ्याकडे आलं आहे. रोज फोनवर मी विचारतो, "नक्की कधी निघणार आहेस?" आणि ती खोटा वार सांगते. मी "बरं, बरं" म्हणतो. संध्याकाळी आरशासमोर उभा राहून दारात अचानक कुणी दिसल्यावर तोंड किती उघडायचं याचा सराव करतो. ही म्हणते, फार उघडता, खोटं वाटतं.

उचंत खात्यातले ते पस्तीस रुपये अजून तसेच आहेत. तपासनिसांनी विचारलं तर सांगेन, नोंद चालू आहे. पस्तीस रुपयांत दोन कैऱ्या येतील, पण गणपतीच्या दिवसांत कैरी कुठून आणायची, एवढाच प्रश्न आहे. आईला विचारलं पाहिजे. तिने मे महिन्यात एक बरणी माडीवर नेलेली मी पाहिली होती.